प्राण्यांवरील चाचणीला पर्याय : विद्यापीठ आणि कंपनीने मिळून पद्धत कशी उभी करावी

माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, पवईची आयआयटी, कलिन्याचे विद्यापीठ संकुल, परळची हाफकिन संस्था आणि उपनगरांत विखुरलेली फार्मसी महाविद्यालये एका बाजूला, तर प्रसाधने, औषधे, रंग आणि सुगंधी द्रव्ये बनवणाऱ्या कंपन्यांची कार्यालये व संशोधन केंद्रे दुसऱ्या बाजूला, आणि हे सारे लोकलच्या अंतरावर, अशी सोय मुंबईत आहे. प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय शोधण्याचे संयुक्त प्रकल्पही येथे उत्साहाने सुरू होतात. परंतु त्यांतील बरेचसे एखाद्या शोधनिबंधापाशी किंवा पीएच.डी.च्या प्रबंधापाशी थांबतात आणि कंपनी आपला नमुना पुन्हा जुन्याच वाटेने तपासून घेते. याचे कारण बहुतेक वेळा विज्ञानात नसते. एखादी पद्धत एकाच प्रयोगशाळेत, एकाच विद्यार्थ्याच्या हातून उत्तम चालते. नियामकाला मात्र दुसऱ्या प्रयोगशाळेत, अनोळखी हातांतून आलेले तेच उत्तर हवे असते. म्हणून पुढील सर्व सूचना ही दुसरी प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत.

आधी प्रश्न नेमका करावा

रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राण्यांचा वापर टाळणे, कमी करणे आणि वापरावाच लागला तर यातना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, हे तत्त्व आलेले आहे. प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास २०१४ मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही. नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि मानवी पेशी, ऊतींची त्रिमितीय प्रारूपे, ऑर्गन-ऑन-चिप (लहानशा पट्टीवर अवयवाचे काम घडवणारी रचना), संगणकीय पद्धती यांना औषधपूर्व तपासणीत अधिकृत जागा मिळाली. सुरुवातीच्या बैठकीत एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. तिच्यावर तासभर सादरीकरण करण्याची गरज नसते.

खरा वेळ प्रश्न ठरवण्यात घालवावा. ‘विषारीपणा तपासणारी पद्धत’ हा प्रश्न नव्हे. ‘हा घटक त्वचेवर दाह निर्माण करतो का’, ‘या घटकामुळे ॲलर्जी जडू शकते का’, ‘सूर्यप्रकाशात तो पेशींना अपाय करतो का’, हे प्रश्न आहेत आणि या तिन्हींसाठी ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य व विकास संघटना या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) मान्यताप्राप्त मार्गदर्शिका उपलब्ध आहेत. याउलट दीर्घकालीन विषारीपणा किंवा प्रजननावरील परिणाम यांच्या जागी सरळ बसवता येईल अशी एकच प्राणीविरहित चाचणी नाही, आणि पहिल्याच संयुक्त प्रकल्पात तो डोंगर चढायला घेणे म्हणजे विद्यार्थ्याच्या पाच वर्षांशी आणि कंपनीच्या संयमाशी जुगार खेळणे होय.

पहिल्या प्रकल्पासाठी दोन मार्ग वाजवी ठरतात. एक, मान्य पद्धतीसारखीच पद्धत स्थानिक साहित्यातून उभी करणे, म्हणजे आयात केलेल्या त्वचा-प्रारूपाऐवजी येथे वाढवलेले प्रारूप वापरणे. दोन, मान्य पद्धत जशीच्या तशी घेऊन ती ज्या पदार्थांसाठी पुरेशी तपासली गेलेली नाही, त्या पदार्थांसाठी तिच्या मर्यादा शोधणे. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. हळद, आवळा, मंजिष्ठा, वाळा यांचे अर्क घातलेली उत्पादने आपल्या बाजारात रोज येतात. मूळ पद्धतींची पारख मात्र मुख्यतः शुद्ध, एकघटकी रसायनांवर झालेली आहे. ही पोकळी भरणारी माहिती कंपनीला लगेच उपयोगी पडते, आणि एक विद्यार्थी तीन वर्षांत ती खरोखर तयार करू शकतो.

कोणी काय आणावे

विद्यापीठाकडे उपकरणे, मनुष्यबळ आणि जिज्ञासा असते, हे सर्वांना ठाऊक आहे. कंपनीने पैसे आणावेत असे सगळेच धरून चालतात, परंतु कंपनीकडची सर्वांत मौल्यवान वस्तू तिच्या कपाटांत असते. वर्षानुवर्षे केलेल्या जुन्या प्राणीचाचण्यांचे अहवाल, स्वयंसेवकांवरील पॅच टेस्टच्या (पदार्थ पट्टीने त्वचेवर लावून पाहण्याच्या) नोंदी आणि ग्राहकांच्या तक्रारी एकत्र केल्या, तर नव्या पद्धतीचे उत्तर कशाशी ताडून पाहायचे याचा प्रश्न एकही नवा प्राणी न वापरता सुटतो. केवळ तुलनेसाठी नव्याने ससे किंवा गिनीपिग वापरणे या कामाच्या हेतूलाच छेद देते.

मात्र जुन्या प्राणीचाचणीला सोन्याचे माप समजू नये. सशाच्या डोळ्यात व त्वचेवर पदार्थ घालून गुण देण्याची ड्रेझ यांची पद्धत १९४४ पासून चालत आली. वेल आणि स्काला यांनी १९७१ मध्ये एकच पदार्थ अनेक प्रयोगशाळांना देऊन पाहिले, तेव्हा प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी फारसे जुळले नाहीत. त्यामुळे नवी पद्धत आणि जुना अहवाल यांत फरक पडला, की चूक नेहमी नव्या पद्धतीचीच असते असे मानण्याचे कारण नाही. अशा वेळी मानवी नोंदी, म्हणजे पॅच टेस्ट आणि तक्रारी, निर्णायक ठरतात, आणि त्या फक्त कंपनीच देऊ शकते.

करार

सामंजस्य करारावर सह्या झाल्या, हार-तुरे झाले, छायाचित्र छापून आले, की काम सुरू झाले असे समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सामंजस्य करारात जबाबदाऱ्या नसतात. त्यासाठी स्वतंत्र संशोधन करार करावा लागतो. त्यावर विभागप्रमुखाची सही चालत नाही. विद्यापीठाच्या वतीने कुलसचिव किंवा संस्थेने अधिकार दिलेली व्यक्ती सही करते, आणि हे कंपनीच्या विधी विभागाला आरंभीच सांगितले तर पुढचे काही महिने वाचतात.

करारात चार गोष्टींवर विशेष लक्ष द्यावे. पहिली गोष्ट प्रसिद्धीची. विद्यार्थ्याला प्रबंध सादर करायचा असतो आणि त्याची तारीख कंपनीच्या उत्पादनाच्या वेळापत्रकावर टांगून ठेवता येत नाही. हस्तलिखित कंपनीने ठरावीक मुदतीत, म्हणजे तीस ते साठ दिवसांत, वाचून गोपनीय भाग दाखवावा. त्या मुदतीत उत्तर न आल्यास संमती आहे असे धरले जाईल, हे वाक्य करारात असलेच पाहिजे. दुसरी गोष्ट प्रतिकूल निकालांची. पद्धत एखाद्या वर्गातील पदार्थांसाठी चालत नाही, हा निष्कर्षही पर्यायी पद्धतीच्या कामात निष्कर्षच असतो, कारण पुढचा नियामक सर्वांत आधी तेच विचारतो. पदार्थाचे व्यापारी नाव झाकून का होईना, असे निकाल प्रसिद्ध करण्याचा अधिकार विद्यापीठाने सोडू नये.

तिसरी गोष्ट मालकीची. प्रकल्पापूर्वी कोणाकडे काय होते आणि प्रकल्पातून काय निर्माण झाले, यांच्या दोन वेगळ्या याद्या जोडाव्यात. पद्धत ओईसीडीपर्यंत न्यायची असेल तर तिचा एखादा भाग पेटंट किंवा व्यापारी गुपिताखाली असला तरी तो इतर प्रयोगशाळांना वाजवी अटींवर मिळेल याची हमी द्यावी लागते. जी पेशी किंवा जो अभिकर्मक कोणालाच मिळत नाही, त्यावर आधारलेली पद्धत कोणीही स्वीकारत नाही. चौथी गोष्ट कच्च्या माहितीची. प्लेट रीडरच्या मूळ फाइली, हस्तलिखित नोंदवह्या आणि बाद ठरवलेल्या प्रयोगांची कारणे दोन्ही पक्षांना पाहता आली पाहिजेत. कंपनीकडे केवळ सारांशाची सादरीकरणे गेली, तर दोन वर्षांनंतर नियामकाच्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी उरत नाही.

वेळापत्रकाचा विसंवाद करारातून मिटत नाही, पण तो मान्य करून ठेवता येतो. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च चालते. महाविद्यालयात ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे हे परीक्षांचे दिवस असतात आणि संबंधित प्राध्यापक त्या काळात पेपर तपासत असतात. अहवालांच्या तारखा याच महिन्यांवर ठेवू नयेत.

पेशीसंवर्धन नसेल तर

अनेक महाविद्यालये ‘आमच्याकडे पेशीसंवर्धनाची सोय नाही’ म्हणून या क्षेत्रापासून दूर राहतात. त्यांनी डीपीआरए (पेप्टाइडाशी रसायनाची थेट अभिक्रिया मोजणारी) ही चाचणी पाहावी. ॲलर्जी जडण्याची पहिली पायरी म्हणजे बाहेरचे रसायन त्वचेतील प्रथिनांना चिकटणे. ही चाचणी तेवढ्याच पायरीचे मापन करते. सिस्टीन असलेले एक आणि लायसीन असलेले दुसरे, अशी दोन कृत्रिम पेप्टाइडे (प्रथिनांसारखे छोटे तुकडे) घेऊन ती रसायनाबरोबर अनुक्रमे एकास दहा आणि एकास पन्नास या प्रमाणात २५ अंश सेल्सिअसवर, अंधारात, २४ तास ठेवतात आणि किती पेप्टाइड उरले ते एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) २२० नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात. दोन्हींची सरासरी घट ६.३८ टक्क्यांहून अधिक असेल तर रसायन क्रियाशील मानले जाते. एचपीएलसी मुंबईतील बहुतेक फार्मसी महाविद्यालयांत असते आणि ते हाताळणारे विद्यार्थीही असतात.

अडचण वेगळ्याच जागी येते. २५ अंश म्हणजे ‘खोलीचे तापमान’ नव्हे. मुंबईत मे महिन्यात वातानुकूलन यंत्र संध्याकाळी इमारतीबरोबर बंद झाले तर रात्रीतून खोली तिशीच्या वर जाते, सिस्टीन पेप्टाइडाचे ऑक्सिडीकरण वाढते आणि सकाळी निरुपद्रवी रसायनही दोषी दिसू लागते. एचपीएलसीच्या ऑटोसॅम्पलरला (नमुने आपोआप आत सोडणाऱ्या भागाला) तापमान-नियंत्रण आहे का, रात्री वीज कोण बंद करते आणि सुरक्षारक्षकाला त्याची लेखी सूचना आहे का, हे प्रश्न येथे मूळ रसायनशास्त्राइतकेच महत्त्वाचे आहेत. दर धावेत नुसत्या पेप्टाइडाचा संदर्भ नमुना आणि सिनॅमाल्डिहाइडचा क्रियाशील नमुना ठेवावा. ते आपल्या ठरलेल्या मर्यादेत नसतील तर संपूर्ण धाव रद्द करावी.

या चाचणीला रेणुभार माहीत असलेला पदार्थ लागतो, कारण प्रमाण मोलमध्ये मांडायचे असते. वाळ्याच्या अर्काचा रेणुभार काय लिहिणार? म्हणून वनस्पतिजन्य मिश्रणांसाठी ती थेट वापरू नये. अर्कातील मुख्य घटक वेगळे करून तपासावेत किंवा वजनाच्या प्रमाणावर आधारलेली मांडणी हाच संशोधनाचा विषय करावा. शिवाय या एका चाचणीने निर्णय होत नाही. ओईसीडीच्या २०२१च्या मार्गदर्शिका ४९७ मध्ये प्रथिनांशी बंध, त्वचापेशींची प्रतिक्रिया आणि प्रतिकारपेशींची प्रतिक्रिया या तीन पायऱ्यांच्या तीन चाचण्यांपैकी दोहोंचे मत जुळले तर ते स्वीकारण्याची पद्धत दिली आहे. तीन संस्थांनी एकेक चाचणी वाटून घेणे येथे सोयीचे असते, आणि सहकार्याचा तो सर्वांत सरळ नमुना ठरतो.

त्वचा-प्रारूप आणि हळद

त्वचेच्या दाहासाठीची ओईसीडीची मार्गदर्शिका ४३९ ही मानवी पेशींपासून वाढवलेल्या बाह्यत्वचेवर आधारलेली आहे. पदार्थ काही मिनिटे वर ठेवून धुतात, ऊती ४२ तास ठेवतात आणि मग त्यांतील जिवंत पेशींचे प्रमाण एमटीटी या रंगद्रव्याने मोजतात. ते प्रमाण नुसत्या क्षारद्रावणाच्या तुलनेत ५० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर पदार्थ दाहकारक ठरतो.

आयात केलेल्या ऊतींचे आयुष्य अगदी थोड्या दिवसांचे असते. त्या सहारच्या कार्गो संकुलात शनिवार-रविवार किंवा सलग सुट्यांत अडकल्या तर पैसे पाण्यात जातात. खेप मागवताना कॅलेंडर समोर ठेवावे, सीमाशुल्काची कागदपत्रे आधीच पूर्ण करावीत, आणि ‘इतक्या तासांनंतर, किंवा पेटीतील तापमान इतक्याच्या वर गेल्यास, ऊती वापरणार नाही’ हा नियम खेप येण्यापूर्वी लिहून ठेवावा. महागडी ऊती डोळ्यांसमोर असताना असा नियम करणे मनुष्यस्वभावाला जड जाते. स्थानिक प्रारूप वाढवणाऱ्यांनी दर बॅचचा त्वचारोध तपासावा, म्हणजे एसडीएस किंवा ट्रायटनसारखा ठरावीक दाहक पदार्थ लावल्यावर पेशी निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजावे. दिसायला सुंदर पण रोध कमकुवत अशी बॅच निरुपद्रवी पदार्थालाही दाहक ठरवते.

आता हळदीकडे वळू. एमटीटी हे पिवळे द्रव्य जिवंत पेशींत क्षपण होऊन जांभळे, म्हणजे फॉर्माझान, होते, आणि तो जांभळा रंग ५७० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. उटण्यासारखा पदार्थ तपासताना विद्यार्थ्याचे लक्ष प्रथम पिवळ्या डागाकडे जाते. परंतु हळदीच्या पिवळ्या रंगद्रव्याचे, म्हणजे करक्युमिनचे, मुख्य शोषण निळ्या पट्ट्यात असते, ५७० वर त्याचा त्रास तुलनेने कमी होतो, आणि जो काही होतो तो फॉर्माझान एचपीएलसीवर वेगळे करून टाळता येतो. खरा घोटाळा डोळ्यांना दिसत नाही. आवळा, हिरवा चहा यांसारख्या अर्कांतील पॉलिफेनॉले आणि क जीवनसत्त्व पेशींच्या मदतीशिवायच एमटीटीला जांभळे करतात. मग पेशी मेल्या असल्या तरी वाचन जास्त येते आणि दाहक पदार्थ सुरक्षित म्हणून सुटतो. एचपीएलसी येथे उपयोगी पडत नाही, कारण तयार झालेले फॉर्माझान खरेच असते.

यावर उपाय दोन टप्प्यांचा आहे. आधी ऊतीशिवाय, नुसत्या एमटीटीच्या द्रावणात पदार्थ घालून ३७ अंशांवर ठेवावा. जांभळा रंग आला तर तो पदार्थ थेट क्षपण करतो. अशा पदार्थासाठी गोठवून मारलेल्या ऊतींवर तीच चाचणी समांतर चालवावी आणि तेथे आलेले वाचन जिवंत ऊतीच्या वाचनातून वजा करावे. वजाबाकी फारच मोठी येत असेल तर या पदार्थासाठी ही पद्धत योग्य नाही असे अहवालात लिहावे आणि तेथेच थांबावे. कंपनीच्या प्रतिनिधीला हे वाक्य आवडत नाही, म्हणूनच त्याची तरतूद करारात आधी केलेली असावी.

देवनारचा प्रश्न

डोळ्यांच्या दाहासाठी जिवंत सशाऐवजी मांसासाठी कापलेल्या जनावरांचे डोळे वापरण्याची पद्धत मार्गदर्शिका ४३७ मध्ये आहे. गायी-बैलांच्या कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) पदार्थ ठेवून तो किती धूसर होतो आणि फ्लोरेसीन हे रंगद्रव्य त्यातून किती झिरपते हे मोजतात. धूसरपणाच्या आकड्यात झिरपण्याच्या वाचनाची पंधरापट मिळवून आलेला गुणांक ३ किंवा कमी असेल तर पदार्थाला दाहक वर्ग लागत नाही, आणि ५५च्या वर असेल तर गंभीर इजेचा वर्ग लागतो. परंतु महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. देवनारच्या पशुवधगृहातून म्हशीचे किंवा बकऱ्याचे डोळे मिळू शकतात, पण वरचे आकडे त्या कॉर्नियांवर ठरवलेले नाहीत. जाडी आणि आकार बदलला की मर्यादाही बदलू शकतात.

म्हणून म्हशीच्या डोळ्यांवरील निकाल ‘मार्गदर्शिका ४३७ नुसार’ असे लिहून देऊ नयेत. ज्ञात रसायनांचा संच घेऊन या कॉर्नियांसाठी नवे आकडे ठरवणे हे स्वतंत्र, चांगले संशोधन आहे आणि ते तसेच मांडावे. ज्यांना लगेच मान्य पद्धत हवी आहे त्यांनी कोंबडीच्या डोळ्याची मार्गदर्शिका ४३८ घ्यावी. तिच्यात डोके अखंड आणून साधारण दोन तासांत डोळा उपकरणात बसवायचा असतो आणि वाहतुकीचे तापमान साधारणतः १८ ते २५ अंश असावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात, सायन-पनवेल मार्गावरच्या गर्दीत, साध्या पिशवीतून हे साधत नाही. प्रयोगशाळेजवळचा पुरवठादार आणि तापमानाची नोंद ठेवणारी पेटी, दोन्ही लागतात. पालिकेची किंवा पुरवठादाराची लेखी परवानगी आणि प्राणी मांसासाठीच कापला होता याची नोंद जपून ठेवावी. डोळ्यांसाठी म्हणून प्राणी मारला असेल तर तो प्राणीप्रयोगच होतो आणि संस्थेच्या प्राणी-आचारसमितीकडे जावे लागते.

मानवी ऊती आणि सीरम

प्लास्टिक सर्जरीत काढून टाकलेली त्वचा हा पेशींचा उत्तम स्रोत आहे, आणि अशी शस्त्रक्रिया करणारी मोठी रुग्णालये शहरात आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या आचारमार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या आचारसमितीची मान्यता आणि रुग्णाची संमती लागते. ही संमती शस्त्रक्रियेच्या संमतीपासून वेगळ्या कागदावर, रुग्णाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी आणि ऊतींपासून मिळालेल्या पेशी कंपनीच्या कामासाठीही वापरल्या जाऊ शकतात हे त्यात स्पष्ट लिहावे. शस्त्रक्रियेला आत नेताना ट्रॉलीवर घेतलेली सही कागदावर वैध दिसेल, पण ती घेऊ नये. तयार पेशीवंश हवे असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे भांडार जवळ आहे. कोठूनही आणले तरी ओळखचाचणी आणि मायकोप्लाझ्माची (पेशीसंवर्धनात नकळत शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची) तपासणी केल्याशिवाय ते मुख्य इनक्युबेटरमध्ये ठेवू नयेत. पावसाळ्यात बुरशीचा त्रास वाढतो तेव्हा ही शिस्त दुप्पट पाळावी.

प्राणीविरहित म्हणवणाऱ्या कित्येक पद्धतींच्या माध्यमात वासराच्या भ्रूणाचे सीरम असते, हा विरोधाभास प्रकल्पाच्या सुरुवातीलाच मिटवावा. मानवी प्लेटलेटांपासून केलेले लायसेट (त्या फोडून काढलेला अर्क) हा एक पर्याय आहे. प्लेटलेटच्या पिशवीचे आयुष्य पाच दिवसांचे असते आणि मुदत संपलेल्या पिशव्या रक्तपेढीच्या परवानगीने व आचारसमितीच्या मान्यतेने वापरता येतात. पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेटांची मागणी वाढते, तेव्हा शिल्लक पिशव्यांची आशा धरू नये. वर्षाचा साठा आधी करून, अनेक पिशव्या एकत्र मिसळून, गोठवून ठेवावा. सीरम बदलले की पेशींचे वागणे बदलते, म्हणून हा बदल पारख सुरू होण्यापूर्वीच झाला पाहिजे.

पारख : दुसऱ्या प्रयोगशाळेचे हात

मार्गदर्शिका ४३९ सारखीच नवी पद्धत मान्य व्हायची तर २० संदर्भ रसायने तीन प्रयोगशाळांत तपासावी लागतात. एकाच प्रयोगशाळेत पुन्हा केल्यास किमान ९० टक्के आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांत किमान ८० टक्के वर्गीकरण जुळावे, दाहक रसायनांपैकी किमान ८० टक्के आणि निरुपद्रवी रसायनांपैकी किमान ७० टक्के बरोबर ओळखली जावीत, अशी अपेक्षा असते. आपली पद्धत वेगळी असली तरी असेच आकडे पहिला प्रयोग करण्यापूर्वी लिहून, दोन्ही पक्षांच्या सह्या घेऊन ठेवावेत. निकाल पाहून मर्यादा ठरवण्याचा मोह सर्वांना होतो, संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांनाही.

रसायने सांकेतिक क्रमांकांनी द्यावीत आणि संकेतांची यादी प्रयोगात भाग न घेणाऱ्या व्यक्तीकडे, उदाहरणार्थ संख्याशास्त्र विभागातील सहकाऱ्याकडे, बंद ठेवावी. वासावरून ओळखू येणारी रसायने असतातच. अशा वेळी बाटल्या भरणारा आणि थेंब टाकणारा वेगळा असावा. अपघातात उपचार करणाऱ्याला माहिती लागते, म्हणून सुरक्षा-पत्रके मोहोरबंद पाकिटात जवळच ठेवावीत.

दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पहिल्यांदा फक्त कार्यपद्धतीचा लेख पाठवावा; तो लिहिणारा विद्यार्थी पाठवू नये. तो गेला की सगळे तोंडी सांगतो, निकाल जुळतात आणि लेखातली भोके तशीच राहतात. ‘ऊती हलक्या हाताने धुवावी’ हे वाक्य घ्या. पहिल्या प्रयोगशाळेत त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. दुसरीकडे एक जण वॉश बॉटल जवळ धरून जोराने धार सोडतो आणि ऊती कडेने सुटते. दुसरा इतका हलका हात ठेवतो की तेलकट पदार्थ तसाच राहतो आणि पुढचे ४२ तास काम करत राहतो. एकाला खोटा मृत्यू दिसतो, दुसऱ्याला खोटा दाह. ते वाक्य काढून तेथे बाटलीचा प्रकार, धारेची दिशा थेट ऊतीवर की साच्याच्या कडेवर, क्षारद्रावणाचे एकूण मिलीलीटर, शेवटी निर्जंतुक कापसाच्या काडीने पाणी टिपायचे की नाही, आणि पदार्थ दिसत राहिला तर किती वेळा पुन्हा धुवायचे, हे सर्व लिहावे. प्रत्येक क्रियापदाखाली असाच प्रश्न विचारत गेल्यास दोन पानांचा लेख आठ पानांचा होतो. तो तसाच असायला हवा.

संपूर्ण विद्यापीठ विभागाला जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा-कार्यपद्धती) प्रमाणपत्र मिळवण्याच्या मागे सहसा लागू नये. शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ये-जा असलेल्या जागेत ती व्यवस्था टिकवणे खर्चिक आणि चिडचिडीचे असते. तिन्हींपैकी एक प्रयोगशाळा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या राष्ट्रीय जीएलपी प्राधिकरणाने मान्य केलेली असावी आणि उरलेल्या दोहोंनी ओईसीडीची २०१८ची पेशी-पद्धतींसाठीची मार्गदर्शक सूत्रे पाळावीत. भारत ओईसीडीचा सदस्य नसला तरी २०११ पासून परस्पर-स्वीकृतीच्या व्यवस्थेत पूर्णतः सहभागी आहे. त्यामुळे येथील जीएलपी प्रयोगशाळेत ओईसीडीच्या मार्गदर्शिकेनुसार तयार झालेली माहिती बाहेरच्या देशांतही पुन्हा चाचणी न करता स्वीकारली जाते. निर्यात करणाऱ्या कंपनीला हे सांगितले की खर्चाची चर्चा बरीच सोपी होते.

पैसा

कंपनीने निधी कोणत्या खात्यातून दिला यावर हक्क अवलंबून असतात. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खालील सामाजिक दायित्वाचा निधी सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतील व आयआयटींतील संशोधनाला देता येतो, पण त्या बदल्यात कंपनीला स्वतःच्या उत्पादनाच्या चाचण्या करून घेता येत नाहीत. तशा चाचण्या हव्या असतील तर तो सरळ संशोधन-करार आहे आणि तसाच करावा. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या करार-संशोधन योजनेत शैक्षणिक संस्थेचे काम उद्योगाकडून पारखून घेण्यासाठी दोघांनाही मदत मिळू शकते, आणि वर सांगितलेल्या तीन प्रयोगशाळांच्या टप्प्याला ती चांगली बसते. जीएसटीबाबत संस्थेच्या लेखा विभागाशी आधीच बोलावे: ऑक्टोबर २०२४ पासून शासकीय संस्थांच्या आणि प्राप्तिकर कायद्याखाली अधिसूचित विद्यापीठ-महाविद्यालयांच्या अनुदानातून होणाऱ्या संशोधनाला सूट आहे, परंतु सल्लासेवा किंवा नेहमीची चाचणी म्हणून बिल केले तर ती लागू होईल असे धरू नये.

नियामकाकडे केव्हा जावे

बहुतेक जण सर्व संपल्यावर जातात. औषधाच्या बाबतीत केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेशी प्राथमिक चर्चा पहिल्या प्रयोगशाळेतले काम संपताच करावी, आणि जाताना शोधनिबंध न नेता तीन पाने न्यावीत: प्रश्न कोणता, पद्धत कोणत्या पदार्थांसाठी चालते व कोणत्यांसाठी चालत नाही, आणि मर्यादेचे आकडे केव्हा ठरवले. पद्धत ओईसीडीकडे न्यायची असेल तर प्रस्ताव देशाच्या राष्ट्रीय समन्वयकामार्फत जातो. कालावधीची अपेक्षा दोन्ही पक्षांनी खरी ठेवावी. त्वचादाहाच्या पहिल्या प्रारूपाला युरोपच्या वैज्ञानिक समितीची मान्यता २००७ मध्ये मिळाली आणि मार्गदर्शिका ४३९ निघाली ती २०१० मध्ये. त्याआधीची पारखही काही वर्षे चाललेली होती. म्हणजे हे काम एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात किंवा एका संशोधन-व्यवस्थापकाच्या कारकिर्दीत संपेलच असे नाही. त्यामुळे पेशींचा गोठवलेला साठा दोन वेगळ्या इमारतींत, कच्च्या नोंदींची प्रत दोन्ही संस्थांत आणि सांकेतिक यादी ग्रंथपालाकडे किंवा कुलसचिव कार्यालयात ठेवावी, आणि विद्यार्थ्याने प्रबंध सादर करण्याच्या किमान सहा महिने आधी त्याच्या जागी येणाऱ्याला त्याच्या शेजारी बसवून एक पूर्ण धाव स्वतंत्रपणे करू द्यावी.